पाद्रोन १९६४ : जोर, दाटपणा आणि चव वेगवेगळी मोजताना

निकाराग्वाची सिगार म्हटली की ‘फार कडक असते’ हा शेरा सर्वांत आधी ऐकू येतो, आणि ज्यांनी ती कधी ओढलेली नाही तेही तो ठामपणे देतात. या एका शेऱ्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे निकोटिनचा जोर, जो डोक्याला आणि पोटाला जाणवतो. दुसरी म्हणजे धुराचा दाटपणा, म्हणजे तो तोंडात किती भरीव लागतो. आणि तिसरी म्हणजे प्रत्यक्ष चव. हलक्या जोराची सिगार चवीला अतिशय समृद्ध असू शकते, आणि डोके गरगरवणारी सिगार चवीच्या बाबतीत अगदी मुकी असू शकते. सिगारचे मूल्यमापन करायचे तर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत, असे माझे मत आहे, आणि निकाराग्वात सिगार बनवणाऱ्या पाद्रोन कंपनीच्या ‘१९६४ ॲनिव्हर्सरी’ मालिकेतील ‘एक्स्क्लूसिव्हो’ ही सिगार या मोजमापासाठी मला फार योग्य वाटते. तिची लांबी साडेपाच इंच आणि जाडी ५० रिंग गेज आहे. रिंग गेज म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, तेव्हा ही जाडी सुमारे २० मिलिमीटर होते. मी येथे लिहीत आहे ते तिच्या मदुरो, म्हणजे गडद रॅपरच्या (सर्वांत बाहेर गुंडाळलेल्या पानाच्या) प्रकाराविषयी.

वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसाला तंबाखूचा जोर म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणंदच्या दिशेने निघून मही नदी ओलांडली की चरोतर लागते, आणि बोरसद, पेटलाद, आणंद हा सगळा पट्टा बिडीच्या तंबाखूचा आहे. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके उमटले की पीक तयार झाले असे तेथील शेतकरी ओळखतात, मग ते कापून उघड्या रानात उन्हावर वाळवतात, आणि पुढे खळीत, म्हणजे तंबाखू तयार करण्याच्या आवारात, त्याचा भुका होतो. या तंबाखूत निकोटिन भरपूर असते. बिडी ओढणाऱ्याला थोडक्या झुरक्यांत तलफ भागवणारा माल हवा असतो, आणि चरोतर तोच पिकवते. त्या कामासाठी तो उत्तम आहे. मात्र तासभर तोंडात रेंगाळणारी, दर दहा मिनिटांनी बदलत जाणारी चव त्याच्याकडून कुणी मागत नाही. पेटलादच्या बाजूला ज्यांची खळी आहे असे माझे एक पटेल स्नेही आहेत. त्यांनी स्वतः कधी सिगार ओढलेली नाही, पण न पेटवलेली एक्स्क्लूसिव्हो त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तिची दोन्ही टोके बराच वेळ हुंगली आणि म्हणाले, “भाऊ, यातला झोंबरेपणा सगळा निघून गेला आहे. हा माल वर्षानुवर्षे ठेवलेला दिसतो.” ज्याचे आयुष्य तंबाखूच्या राशींत गेले आहे त्या माणसाने पान न जाळता दिलेला हा निकाल अगदी अचूक होता.

तो झोंबरेपणा मुख्यतः अमोनियाचा असतो. सिगारचे पान उन्हात न वाळवता मोठ्या हवेशीर कोठारात टांगून, साधारण दीड ते दोन महिने सावलीत वाळवतात. या काळात पानातील बहुतेक साखर आणि पिष्ट संपते. त्यानंतर किंचित ओलसर पानांच्या माणसाएवढ्या राशी रचतात, ज्यांना तिकडे ‘पिलोन’ म्हणतात. राशीच्या पोटात आपोआप उष्णता वाढत जाते, ती ठरावीक अंशापर्यंत पोहोचली की रास मोडून, बाहेरची पाने आत आणि आतली बाहेर घालून पुन्हा रचतात, आणि असे अनेकदा करतात. पानातील प्रथिने मोडत जातात, अमोनिया निघून जातो, निकोटिनही थोडे कमी होते. मदुरो रॅपरसाठी हीच क्रिया अधिक काळ आणि अधिक उष्णतेत चालते, म्हणून त्यासाठी जाड, टिकाऊ पान लागते. या सगळ्यानंतर पान नुसते ठेवून मुरवायचे असते. १९६४ मालिकेतील तंबाखू चार वर्षे मुरवलेला असतो, आणि ग्राहक या सिगारसाठी जी मोठी किंमत मोजतो तिचा बराचसा भाग या काळाचा मोबदला असतो.

या चार वर्षांचे मोल कंपनीचा इतिहास पाहिला की अधिक समजते. होसे ओर्लांदो पाद्रोन यांचा जन्म १९२६ मध्ये क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात, तंबाखू पिकवणाऱ्या घरात झाला. क्रांतीनंतर क्यूबातील तंबाखू उद्योग सरकारजमा झाला. पाद्रोन देश सोडून मायामीला आले, एका मित्राने दिलेल्या लहानशा हातोडीने सुतारकाम करून त्यांनी ६०० डॉलर साठवले आणि १९६४ मध्ये सिगारचा छोटा कारखाना काढला. १९७० मध्ये ते निकाराग्वातील एस्तेली येथे गेले. १९७८ मध्ये, तेथील क्रांतीच्या धामधुमीत, त्यांचा कारखाना जाळण्यात आला. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेने निकाराग्वाच्या व्यापारावर बंदी घातली. एवढे सोसलेल्या कुटुंबाने १९९४ मध्ये, तीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, ज्या सिगारची पाने चार वर्षे गोदामात पडून राहणार अशी मालिका काढली. गोदामात माल ठेवणे म्हणजे काय जोखीम असते हे ज्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते त्यांनी हा निर्णय घेतला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

या सिगारमधील सर्व पाने निकाराग्वाचीच आहेत. त्या देशातील तंबाखूची मुख्य क्षेत्रे तीन : एस्तेलीच्या काळ्या, भारी जमिनीतून जोरदार पान येते, होंडुरासच्या सीमेलगतच्या हलापा खोऱ्यातून मऊ आणि गोडसर पान येते, आणि कोन्देगा या दोहोंच्या मधले आहे. यांखेरीज निकाराग्वा सरोवरातील ओमेतेपे या ज्वालामुखीच्या बेटावरही तंबाखू होतो. एकाच झाडावरील पानांतही मोठा फरक असतो. शेंड्याकडची, सर्वाधिक ऊन खाल्लेली ‘लिहेरो’ पाने जाड आणि जोरदार असतात, पण सावकाश जळतात, म्हणून वळणारा कारागीर ती मधोमध घालतो. खालच्या भागातील ‘सेको’ पाने पातळ, सुगंधी आणि सहज पेट घेणारी असतात. सिगार शेवटाकडे जोरदार का होते, याचे एक कारण असे की धुरातील जड द्रव्ये पुढच्या न जळलेल्या भागात साठत जातात.

चव घेण्यापूर्वी साठवणुकीविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपल्या हवेत अर्धा निकाल तेथेच लागतो. न्यू जर्सीला असलेला भाचा येताना माझ्यासाठी सिगार आणतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून करमुक्त आणता येणाऱ्या सिगारची मर्यादा २५ आहे, आणि “मामा, पेटी फोडून पाहिली तर पावती वरच ठेवली आहे” हे सांगायला तो विसरत नाही. विमानप्रवासात आणि त्यानंतर बदललेल्या हवेत पानातील ओलावा असमान होतो, म्हणून आलेली सिगार मी काही आठवडे तशीच राहू देतो. तिला ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान लागते. वडोदऱ्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की रॅपर तडकतो, आणि जुलैत ती इतकी दमट असते की सिगार फुगते व धड जळत नाही. त्यामुळे लाकडी ह्युमिडॉरपेक्षा, म्हणजे ओलावा राखणाऱ्या सिगारपेटीपेक्षा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारी पुडी आणि एक आर्द्रतामापक, ही व्यवस्था मला येथे अधिक भरवशाची वाटते. मापकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते मापकासह बंद डब्यात दिवसभर ठेवावे, आणि आकडा ७५ टक्के येतो का ते पाहावे. जितका फरक दिसेल तितका कायम लक्षात ठेवावा.

तापमानाचे कारण वेगळे आहे. हळद, धणे, लाल मिरचीत होणारा जो बारीक तपकिरी किडा आपल्या स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे, तोच तंबाखूचाही शत्रू आहे. शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्नी. पानात दडलेली त्याची अंडी उन्हाळ्यातील उष्णतेत फुटतात आणि एका सिगारमधून दुसरीत भोके पडत जातात. म्हणून वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात सिगारचा डबा वातानुकूलित खोलीत असणे आवश्यक आहे, तो मसाल्याच्या फडताळाजवळ तर कधीच ठेवू नये.

एक्स्क्लूसिव्हो हातात घेतली की तिचा चौकोनी आकार प्रथम जाणवतो. वळलेल्या सिगार पेटीत दाबून बसवल्यामुळे हा आकार येतो. रॅपर जवळजवळ काळ्या चॉकलेटच्या रंगाचा आहे, त्यावर मंद तेलकट तकाकी आहे, शिरा बारीक आहेत. सिगारभोवती गुंडाळलेल्या कागदाच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर प्रत्येक सिगारचा स्वतंत्र क्रमांक असतो. बनावट माल ओळखता यावा म्हणून ही योजना आहे. बोटांनी हलकेच दाबत गेल्यास कोठेही पोकळ किंवा गाठीसारखे लागत नाही. तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी जेथे संपते त्या रेषेच्या किंचित वर धारदार कातरीने एकच सरळ काप द्यावा. त्याखाली काप गेला तर रॅपर उलगडू लागतो. न पेटवता ओढून पाहिले की कोको, सुकामेवा आणि मागे थोडी मिरी जाणवते. ओढ मोकळी आहे, पण अगदी सैल नाही, आणि बांधणीविषयी येथेच खात्री पटते.

पेटवताना ज्योत पानाला न भिडवता खालून फिरवत कड आधी शेकून घ्यावी, आणि मगच पहिला झुरका घ्यावा. छताचा पंखा बंद करणे अत्यावश्यक आहे. त्याच्या वाऱ्याने एक बाजू भराभर जळते आणि मग दोष सिगारच्या माथी येतो. मी गच्चीवर, रात्रीच्या जेवणानंतर, वारा पडलेला असताना बसतो. सोबत बिनसाखरेची काळी कॉफी किंवा नुसते पाणी असते. परदेशी परीक्षणांत सिगारबरोबर रम किंवा व्हिस्की हटकून येते. गुजरातेत दारूबंदी असल्याने तो प्रश्न आमच्यापुरता मिटलेला आहे, आणि चव पारखण्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण दारूचा गोडवा आणि दाह धुरातील बारकावे झाकून टाकतो. आले-वेलदोड्याचा चहाही त्याच कारणाने टाळावा.

पहिल्या एक-तृतीयांश भागात काळी मिरी पुढे असते, पण ती काही मिनिटांतच मागे सरते आणि तिच्या जागी कडवट कोको येतो. धूर दाट आहे, तोंडात भरतो, मात्र जिभेला चावत नाही. या टप्प्यावर धुराचा थोडा भाग नाकावाटे सोडून पाहणे फार उपयोगी पडते, कारण चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातील बराचसा भाग प्रत्यक्षात वास असतो; जिभेला जे नुसते कडवट-गोड वाटले होते त्यात नाकाला भाजलेले शेंगदाणे आणि लाकूड स्पष्ट ओळखू येते. मधला भाग या सिगारचा खरा गाभा आहे, आणि मी सगळी टिपणे बाजूला ठेवून लक्ष देतो ते येथे. कोकोची कॉफी होते, ती दुधाची वाटावी इतकी मऊ होते, मग तिच्यात खारकेची गोडी येते, आणि त्या गोडीच्या मागून पुन्हा मिरी डोकावते, पण आता ती घशाऐवजी नाकाच्या टोकाशी असते. हा बदल इतका सलग घडतो की एक चव कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे बोट ठेवून दाखवता येत नाही. सिगारमधील संतुलन म्हणजे काय, हे मला या दहा-पंधरा मिनिटांत जितके कळते तितके कोणत्याही वर्णनातून कळलेले नाही. शेवटच्या एक-तृतीयांश भागात लाकूड आणि कातड्याचा वास वाढतो, गोडी ओसरते, आणि कडवटपणा येतो तो एस्प्रेसोचा, जळकट नव्हे. राख करड्या-पांढऱ्या रंगाची, घट्ट राहते, आणि आत लांब, अखंड पाने असल्याची साक्ष देते.

मिनिटाला एक झुरका हा वेग सांभाळावा. घाई केली तर जळते टोक अधिक तापते आणि सगळ्या चवी जळून एकच कडू चव उरते; त्यावरून कोणत्याही सिगारविषयी मत बनवणे अन्यायाचे आहे.

आता जोराविषयी. सावलीत वाळलेल्या पानात साखर उरत नाही, त्यामुळे त्याचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अशा धुरातील निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात जाते. सिगारेटसारखा तो छातीत घ्यावा लागत नाही, आणि घेऊही नये. म्हणूनच रिकाम्या पोटी सिगार ओढणाऱ्याला घाम फुटतो, उचकी लागते, मळमळते. पोटभर जेवण झालेले असावे आणि हाताशी गुळाचा खडा असावा. धूर छातीत घेतला नाही म्हणजे धोका टळला, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये : तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो, आणि आसपास बसलेल्यांनाही धूर बाधतो. ज्यांनी तंबाखूला हात लावलेला नाही त्यांनी माझे हे लिखाण वाचून सुरुवात करावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. मी घरात आणि मुलांच्या आसपास सिगार पेटवत नाही, आणि दोन सिगारांमध्ये मोठे अंतर ठेवतो. एक्स्क्लूसिव्होचा जोर माझ्या मोजमापाने मध्यमाहून थोडा वर आहे, दाटपणा मात्र पूर्ण आहे. जो तिला ‘कडक’ म्हणतो तो बहुधा तिच्या दाटपणालाच जोर समजत असतो.

हे माझे मत किमतीने आणि नावाने घडवलेले आहे का, ही शंका मला होती, आणि ती रास्तच होती. अमेरिकेतील ‘सिगार अफिसिओनादो’ या नियतकालिकात १०० पैकी गुण देताना पट्ट्या काढून परीक्षण करतात. मीही भाच्याला पट्ट्या काढून दोन सिगार द्यायला सांगितले. दुसरीही एस्तेलीचीच, मदुरो आणि चौकोनी निवडली होती, कारण एक गोल असती तर हातातच गुपित फुटले असते. दोन्ही एकाच रात्री ओढणे निरर्थक आहे, पहिलीनंतर जीभ थकते. म्हणून त्या वेगवेगळ्या रात्री, त्याच वेळी आणि त्याच कॉफीबरोबर ओढल्या. दुसऱ्या सिगारने पहिल्या भागात मला अधिक प्रभावित केले, मिरी अधिक, जोर अधिक, आणि मी तिला भरपूर गुण दिले. अर्ध्यावर मात्र तिच्यात नवे काही घडेना, आणि शेवटी फक्त जोर उरला. एक्स्क्लूसिव्हो पहिल्या भागात तिच्यापेक्षा शांत होती आणि मधल्या भागापासून कितीतरी पुढे गेली. ज्या परीक्षणात पहिल्या काही झुरक्यांवर निकाल दिला जातो त्यावर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळे. आणि शंभरपैकी एकाच आकड्यात हा सगळा फरक दडून जातो, म्हणून मी गुण देतो ते तिन्ही भागांना स्वतंत्र देतो.

एक गोष्ट मदुरोच्या विरोधात नोंदवली पाहिजे. राशीतील अधिक किण्वनामुळे, म्हणजे आंबवण्यामुळे, आलेली रॅपरची गोडी मधल्या भागाला श्रीमंती देते, परंतु ती आतील पानांचा काही तिखट, मातकट भाग झाकूनही टाकते. याच मालिकेतील नॅचरल, म्हणजे कमी गडद रॅपरच्या सिगारमध्ये मिरी अधिक उघडी आहे, शेंगदाणे आणि लाकूड अधिक कोरडे आहे, आणि एस्तेलीच्या मातीचा स्वभाव थेट समोर येतो. आनंदासाठी मी मदुरो निवडीन. पण निकाराग्वाचा तंबाखू समजून घेण्यासाठी पहिल्यांदाच ही मालिका हातात घेणाऱ्या जाणकाराने आधी नॅचरल ओढावी, आणि मदुरो त्यानंतर, पावसाळा सरल्यावर, हवा स्थिर झाली की पेटवावी.